पाणी आणि आडोसा
(प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार)



आजच्या पहिल्या वाचनात इस्राएल लोक रफीदीम येथे तळ देऊन बसले आहेत आणि त्यांना प्यायला पाणी नाही. ते मोशेशी भांडतात. आम्हाला आणि आमच्या मुलाबाळांना तहानेने मारण्यासाठीच मिसरातून बाहेर आणलेस काय, असा जाब विचारतात. प्रवचनांत आपण या लोकांना नेहमी कुरकुर करणारे लोक म्हणतो. परंतु जिच्या कडेवरचे मूल पाण्यासाठी रडत आहे, त्या आईच्या बोलण्याला कुरकुर म्हणणे योग्य होईल का? परमेश्वर काय करतो ते पाहा. तो त्यांना रागे भरत नाही. आधी विश्वास दाखवा, मग पाणी देतो, असेही म्हणत नाही. तो मोशेला खडकावर काठी मारायला सांगतो. पाणी आधी येते, उपदेश नंतर.

पाण्याची ही कथा आपण सर्व जण जाणतो. परंतु त्याच लोकांसाठी, त्याच छावणीसाठी परमेश्वराने दिलेला आणखी एक नियम आहे. तो रविवारच्या मिस्सात वाचला जात नाही. अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात, बाराव्या वचनापासून पुढे, तो सापडेल. छावणीबाहेर शौचासाठी जागा नेमलेली असावी. प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणायचे एक साधन बाळगावे. बाहेर बसल्यावर त्याने खड्डा खणावा आणि घाण मातीने झाकावी. हा आरोग्य खात्याचा फलक नव्हे, हे पवित्र शास्त्र आहे! आणि त्यामागे दिलेले कारण तर विलक्षण आहे. परमेश्वर तुमच्या छावणीत फिरत असतो, म्हणून छावणी पवित्र असावी, असे तेथे सांगितले आहे.

मंदिर अजून बांधलेले नाही. लोक बेघर आहेत, तंबूंत राहतात. त्या तंबूंमधून देव फिरतो आणि वाटेत कोणी शौचाला कुठे बसते याचीही त्याला काळजी आहे. आपल्याला ज्या विषयाची लाज वाटते, त्याची शास्त्राला लाज वाटत नाही.

आज मला याच विषयावर बोलायचे आहे. निर्वासितांना पाणी द्यावे, हे कोणालाही पटते. पण त्यांना शौचालय द्यावे, त्याला दार असावे, दाराला कडी असावी, रात्री तिथे दिवा असावा, हे आपल्या दानधर्माच्या यादीत येत नाही. पाणपोईवर दात्याच्या नावाची पाटी लागते. संडासावर आपल्या आईवडिलांचे नाव कोण लावील?

आपल्या महाराष्ट्राला निर्वासितांच्या छावण्या नव्या नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, तेथे पोलंडमधून आलेल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी उभी राहिली. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. तुमच्याआमच्यासारखेच कॅथलिक. रशियाने त्यांना घरांतून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेले होते. १९४२ साली सुटका झाल्यावर लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्यावर उतरले. तेथे त्यांचे कपडे जाळावे लागले, डोकी भादरावी लागली, कारण उवांमधून टायफस पसरत होता. युद्धातून आणि थंडीतून वाचलेली कितीतरी माणसे, आता सुटलो असे वाटत असतानाच, टायफसने आणि हगवणीने गेली. त्यांतून उरलेल्यांपैकी काही जण वळिवड्याला आले. तेथे त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारले. काही जणांच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत.

हे लोक १९४८ पर्यंत निघून गेले. मग त्या बराकी मोकळ्या राहिल्या का? नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथे राहायला आली आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. आज आपण ते कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखतो. एक समाज गेला, दुसरा आला. भाषा वेगळी, धर्म वेगळा. आल्या दिवशी दोघांचेही प्रश्न मात्र तेच असणार. पाणी कुठे आहे? आणि बायकामुलांनी जायचे कुठे?

आपल्या मध्य रेल्वेवरही हेच घडले. कल्याणजवळची लष्करी छावणी महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेली. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेले सुमारे एक लाख सिंधी बांधव तेथे राहिले. सैनिकांच्या लांबलचक बराकींत गोणपाटाचे आणि चादरींचे पडदे लावून एकेका कुटुंबाने आपला कोपरा केला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसवली. तेच आजचे उल्हासनगर. नदीवरून नाव पडलेले हे गाव, पण तेथल्या लोकांच्या तोंडी अजूनही 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असतेच. आपल्या शेजारी सायन कोळीवाड्यातही अशीच निर्वासितांची वसाहत होती. म्हणजे निर्वासित हे बातम्यांतले लोक नव्हेत. आपल्यापैकी अनेकांचे शेजारी, वर्गमित्र, दुकानदार त्या छावण्यांतून आले आहेत.

१९७१ साल वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वर्षाच्या अखेरीस टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, त्यांच्यासाठी ते पैसे होते. छावण्यांत कॉलऱ्याची साथ आली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी पाण्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा विरघळवून ते पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते आजाऱ्याला पाजायला सांगितले. शंभरात तीस रुग्ण मरत होते, तेथे मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. आज आपण दुकानातून ओआरएसची पुडी आणतो, तिचा मोठा पुरावा त्या चिखलातल्या छावणीत मिळाला. मात्र डॉक्टर एका बाजूने जीव वाचवत होते आणि दुसऱ्या बाजूने घाण पाण्यातून नवे रुग्ण येत होते. औषध आजाऱ्याला उठवते. आजारी पडूच नये यासाठी चांगली विहीर आणि विहिरीपासून दूर खणलेला संडास लागतो.

हे न झाल्यास काय होते, ते जगाने १९९४ साली पाहिले. रवांडातून पळालेले लाखो लोक काँगोमधील गोमा शहराजवळ उतरले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. खड्डा खणता येईना, आणि प्यायला सरोवराचे तसेच पाणी. पहिल्या महिन्याभरात सुमारे पन्नास हजार माणसे, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने, मरण पावली. आजच्या वाचनातल्या खडकातून पाणी आले; गोमाच्या खडकाने खड्डाही खणू दिला नाही. त्यानंतर, १९९७ पासून, रेडक्रॉस आणि अनेक मदतसंस्थांनी एकत्र बसून किमान नियम ठरवले. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी. २५० माणसांमागे एक नळ, तोही घरापासून ५०० मीटरच्या आत. वीस माणसांमागे एक शौचालय, स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे.

१५ लिटर म्हणजे आपली आंघोळीची एक बादली. त्यात एका माणसाचे पिणे, स्वयंपाक, धुणे, आंघोळ सारे बसवायचे. आणि आपण जुन्या टाकीची साखळी एकदा ओढतो तेव्हा दहा लिटरच्या आसपास पाणी वाहून जाते. हा हिशेब घरी मुलांबरोबर एकदा मांडून पाहा.

२०१७ साली म्यानमारमधून बांगलादेशात आलेल्या रोहिंग्या लोकांच्या छावण्यांत घाईघाईने खणलेले संडास कूपनलिकांना लागूनच होते. त्याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पीत. कारण प्यायले तर जावे लागणार. जायचे तर पुरुषांसमोरून जायचे, नाहीतर अंधार होण्याची वाट पाहायची आणि अंधारात भीती. म्हणजे पाणी दिले, पण आडोसा दिला नाही, तर ते पाणीही तिच्या घशाखाली उतरत नाही. परळ, लालबाग, दादरच्या चाळींत वाढलेल्या आपल्या आयाबहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कॉमन संडासाची रांग, टमरेल आणि पहाटेच्या नळाची धावपळ त्यांनी भोगली आहे.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की सद्गुणी जीवन जगायलाही थोडी भौतिक साधने लागतातच. आपली श्रद्धा माणसाकडे शरीरात अडकलेला आत्मा म्हणून पाहत नाही. शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस होतो. म्हणून शरीराची अब्रू झाकणे हे आत्म्याचेच काम आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे स्पष्ट लिहिले. त्याच्या आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले होते की झोपडी बेकायदेशीर असली तरी तिच्यातल्या माणसाचे पाणी नाकारता येत नाही. माणसाजवळ कोणता कागद आहे हे तहान विचारत नाही.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू. भर दुपारी प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर दमून बसला आहे. विहीर खोल, आणि त्याच्याकडे पोहरा नाही. तो शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्याला शिवत नसत. पाण्यावरून शिवाशीव! आपल्या महाराष्ट्राला याची ओळख आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले, तेव्हा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. पाण्यावरच्या हक्कातून माणूसपण सिद्ध होते. प्रभू येशू त्या स्त्रीला काही देण्याआधी स्वतः मागतो. तो दाता म्हणून वरून येत नाही. तो गरजवंत होऊन खाली बसतो. बाळपणी मिसर देशात निर्वासित झालेला हा प्रभू आहे. पवित्र मरियेने त्या प्रवासात कोणाच्या तरी विहिरीवर, कोणाच्या तरी दारात पाणी मागितलेच असेल.

दर वर्षी ६ डिसेंबरला आपल्या दादरमध्ये लाखो लोक चैत्यभूमीला येतात. महापालिका शिवाजी पार्कवर तात्पुरते नळ आणि शौचालये उभारते. त्या दिवसांत आपल्या इमारतींमधून कोणते उद्गार ऐकू येतात? 'किती घाण करतात हे लोक!' बंधुभगिनींनो, घाण माणसाची नसते. लाखोंना पुरेल इतके नळ आणि संडास नसले, तर आपणही तेच करू. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातली कुटुंबे गावात पाणी नाही म्हणून मुंबईत येऊन घाटकोपरच्या मैदानात पालांत राहिली. स्वतःच्या राज्यात पाण्यामुळे निर्वासित झालेली ही माणसे. आणि शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसाच्या पाण्यावर मुंबई जगते, त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

मग आपण काय करायचे? या प्रायश्चित्तकाळात दानपेटीत जे टाकाल, ते निर्वासितांसाठी जाणार असेल तर फक्त अन्नासाठी, फक्त औषधासाठी अशी अट घालू नका. शौचालयाची कडी, दिवा, साबण आणि रोजची सफाई यांसाठीही ते खर्च होऊ द्या. दुसरे, आपल्या आजूबाजूला पाहा. दादरमध्ये जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या त्या बिगाऱ्यांच्या बायकामुलांसाठी संडास आहे का, हे सोसायटीच्या सभेत एकदा विचारा. तिसरे, आपल्या घरी पहाटेची गाडी पकडून कामाला येणाऱ्या मावशी, दारावरचा वॉचमन, सामान आणून देणारा मुलगा यांना आपण पाणी देतो. कधी वेगळ्या ग्लासात देतो, तो ग्लास आजपासून बदलू या. पण त्यांनी दिवसभरात जायचे कुठे, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का? एक न वापरलेली खोली, तिची एक किल्ली, एवढ्यानेही ते काम होईल. हे छोटे आहे, पण याला दानपेटीपेक्षा जास्त मन लागते. कारण येथे पैसे देऊन सुटका नाही. आपली जागा द्यावी लागते.

शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा तहानेल्याला दिलेल्या पाण्याविषयी विचारील, हे आपण मत्तयाच्या शुभवर्तमानात ऐकतो. त्याच दमात तो परक्याला घरात घेण्याविषयी आणि उघड्याला झाकण्याविषयीही विचारतो. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला हव्या आहेत आणि तो माणूस प्रभू स्वतः आहे.

हे प्रभू, छावणीतून फिरणाऱ्या देवा, आज घरदार सोडून उघड्यावर झोपलेल्या तुझ्या लेकरांना शुद्ध पाणी मिळो. त्यांच्या स्त्रियांना आडोसा मिळो, त्यांच्या मुलांना साथीपासून रक्षण मिळो. आणि आम्हाला अशी प्रीती दे, जी कोणत्याही दाराशी नाक मुरडून मागे फिरणार नाही. आमेन.