ड्रायव्हरच्या नावानं बोंब नको

उभा राहा. "सर, ड्रायव्हर खराब आहे" हे पुन्हा ऐकू आलं तर लॅबबाहेर काढीन. तो ड्रायव्हर जगभर वर्षानुवर्षं चालतोय. तुझं डिव्हाइस ट्री कालचं, तेही इकडून तिकडून चिकटवलेलं. नक्कल करायलाही अक्कल लागते!

बीगलबोन ब्लॅकला डीएस३२३१ हे घड्याळ जोडलंस. तारा कुठे आहेत? पी९ च्या १९ आणि २० नंबरच्या पिनांवर. म्हणजे आयटूसी-२. आणि नोड लिहिलास आयटूसी-१ खाली. का, तर ज्याचं उतरवलंस त्याचं तिथे होतं! वर आयटूसी-१ बंद दिसला म्हणून तो चालू करायला थेट एएम३३एक्सएक्सच्या डीटीएसआयमध्ये हात घातलास. अरे, ती फाइल चिपची. त्या चिपचे सगळे बोर्ड ती वापरतात. आपल्या बोर्डाचं काय ते आपल्या डीटीएसमध्ये लिहायचं.

आता पत्ता. 'रेग'मध्ये हेक्स डी०! डेटाशीटमध्ये सात बिटांचा पत्ता दिलाय, ११०१०००, म्हणजे हेक्स ६८. त्याच्या शेपटाला वाचायचं की लिहायचं ते सांगणारा बिट जोडून तू डी० केलास. डीटीसीनं कंपाइल करतानाच बजावलं होतं, बूट होताना कर्नलनंही लॉगमध्ये लिहिलं. वॉर्निंग म्हणजे काय भिंतीवरची जाहिरात वाटते तुला?

आणि पत्ता सुधारून, तारा हलवूनही घड्याळ चाललं नसतंच. 'कम्पॅटिबल'मध्ये ३२३१ चं ३२१३ करून ठेवलंयस. तिथे तर कुणी ओरडतही नाही. जुळणारा ड्रायव्हर सापडत नाही, कर्नल गुपचूप पुढे जातो आणि तू रात्रभर सोल्डरिंग तपासत बसतोस.

यूएसबीचं उपकरण जोडलं की आपली ओळख आपणच सांगतं. आयटूसीवरची चिप मुकी. ती कोण, कुठे बसलीय, हे कर्नलला तुझ्या फाइलीतूनच कळतं, आणि तू लिहिशील ते तो खरं धरून चालतो. पूर्वी हीच माहिती एआरएमच्या बोर्डागणिक सी भाषेत कर्नलमध्येच कोंबत. २०११ मध्ये लायनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकला (त्याच्यापुढे माझं बोलणं म्हणजे लाड आहेत), तेव्हा कुठे एआरएमवाल्यांनी डिव्हाइस ट्री मनावर घेतलं.

जा. डीटीएसआय होती तशी कर. स्कीमॅटिक आणि डेटाशीट समोर घे, नोड स्वतःच्या हातानं लिही. तुझ्या नोडवर डीटीसीची एक जरी वॉर्निंग उरली, तर मला दाखवायला येऊ नकोस.