आपबीती कुणाची?

शाळेत आम्ही मुलांना 'आपबीती' लिहायला देतो. फाटक्या छत्रीची आपबीती, जुन्या खुर्चीची आपबीती. मुलं छत्रीच्या वतीनं बेधडक 'मी' लिहितात. छत्री तक्रार करत नाही. पण जित्याजागत्या माणसाच्या वतीनं कुणी 'मी' म्हटलं तर? सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्तोव याचे दोन चित्रपट पाहताना आम्हाला हा प्रश्न पडला.

पहिला १९२९ चा मूकपट, 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'. कॅमेरा व्हर्तोवचा सख्खा भाऊ मिखाईल कॉफमन याचा, आणि तो स्वतः पडद्यावरही दिसतो. मध्येच धावता घोडा थबकतो, चित्र गोठतं आणि समोर येते व्हर्तोवची पत्नी येलिझावेता स्विलोवा. टेबलाशी बसून ती फिल्म कापते, जोडते. मुलांचे गोठलेले चेहरे तिच्या हातून पुन्हा हलू लागतात. यंत्रं, कारखाने, नव्या राजवटीचा जोश, हा सारा प्रचार आहेच. पण प्रचार करणारं घरच उजेडात येऊन बसलं आहे. कात्री कुणाच्या हातात आहे, ते आपल्याला दिसतं. (पुढे दोघा भावांचं बिनसलं, ती कहाणी वेगळी.)

दुसरा १९३४ चा 'थ्री साँग्ज अबाउट लेनिन'. बोलपटच, पण ध्वनीची सोय नसलेल्या थिएटरांसाठी त्याची मूक आवृत्तीही निघाली. त्यातलं पहिलं गीत पूर्वेकडच्या मुस्लिम बाईचं. बुरख्यातली बाई, चेहरा उघडणारी बाई, पुस्तक घेऊन बसलेली बाई. आणि शब्द 'मी'चे: माझं आधीचं आयुष्य अंधारात गेलं.

बाई शिकताना दिसली की आम्हाला आनंदच होतो; शिक्षकाला का होऊ नये? पण उझबेकिस्तानात १९२७ मध्ये सत्ताधारी पक्षानं बुरखा उतरवण्याची मोहीम काढली, तिचं नाव 'हुजूम'. आपल्या उर्दूत हुजूम म्हणजे गर्दी, तिथं त्याचा अर्थ हल्ला. चेहरा उघडलेल्या अनेक बायका मारल्या गेल्या, काही तर घरच्याच पुरुषांच्या हातून. कितीतरी जणींनी पुन्हा बुरखा घेतला. गीतात यातलं काही नाही.

मारणाऱ्यांची वकिली आम्ही करणार नाही. पण एकीकडून सरकारचा आणि दुसरीकडून बिरादरीचा रेटा सोसणारी बाई स्वतः बोलली असती, तर भीतीबद्दल एक शब्दही बोलली नसती का?

स्विलोवा याही चित्रपटाच्या कामात होती. या वेळी तिचं टेबल मात्र पडद्यावर नाही.