जसा देश तसा वेश, पण कुठवर?

परदेशी निघालेल्या माणसाला निरोप देताना आपली मंडळी एक म्हण हमखास ऐकवतात: जसा देश तसा वेश. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने मुलांनी आम्हा उभयतांना जपानची तिकिटे काढून दिली. निघण्याच्या आदल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात जो भेटेल तो हीच म्हण सांगू लागला. "कच्चा मासा ताटात आला तर नाक मुरडू नका," असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी बजावले. म्हण सौजन्याची आहे आणि सोयीचीही आहे. परंतु तिला काही शेवट आहे की नाही? परक्याच्या दारात त्याच्या रीतीप्रमाणे वागणे हे सौजन्य कुठे संपते आणि स्वतःशी बेइमानी कुठे सुरू होते? २०२३ च्या नोव्हेंबरातील त्या बारा दिवसांत हा प्रश्न मला अगदी अनपेक्षित जागी भेटला, आणि माझ्यापेक्षा माझ्या पत्नीने त्याला अधिक सरळपणे तोंड दिले.

मुंबईहून बँकॉक आणि तिथून फुकुओका असा आमचा मार्ग होता. विमानप्रवासाचे कौतुक फार ऐकले होते. प्रत्यक्षात रात्रभर गुडघे पुढच्या खुर्चीला टेकवून बसणे म्हणजे एस.टी.च्या लाल डब्यातून कोकणात जाण्याचीच सुधारित आवृत्ती निघाली. शेजारच्या गृहस्थांची मान माझ्या खांद्यावर विसावली ती उजाडेपर्यंत तिथेच राहिली. हिच्या पायांना सूज आली. घड्याळे साडेतीन तास पुढे सरकवली तरी पोट मात्र वसईच्याच वेळेला भूक सांगत होते. तथापि त्या अवघडलेल्या अवस्थेतही एक गोष्ट मनातून जाईना. वसईचा एक मुलगा चार शतकांपूर्वी शिडाच्या जहाजातून ह्याच दिशेने गेला होता, आणि त्याला परतीचे तिकीट नव्हते.

संत गोन्सालो गार्सियाची ओळख आपल्या वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही. वडील पोर्तुगीज, आई इथली. पोरवयातच तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे मकावमध्ये व्यापारी झाला. मग व्यापार सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि १५९३ साली दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्याला आणि त्याच्या पंचवीस सोबत्यांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. मला इथे एवढेच सांगायचे आहे की 'जसा देश तसा वेश' ही कला ह्या माणसाला आपल्या सर्वांपेक्षा अधिक साधली होती. परक्या लोकांच्या भाषेतून त्यांच्या सत्ताधीशांशी बोलण्याचे काम त्याच्याकडे होते. देशाची भाषा अंगवळणी पडलेला हा माणूस एका ठिकाणी मात्र थांबला.

आम्ही नवखे प्रवासी! आमच्या हातून पहिल्याच दिवशी चूक झाली. जपानी घरात किंवा जुन्या पद्धतीच्या खाणावळीत शिरताना उंबरठ्याशी पादत्राणे काढतात, हे आम्हाला ठाऊक होते. आपल्याकडेही तसेच आहे. परंतु शौचालयासाठी दाराशी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात आणि त्या तिथेच सोडून यायच्या असतात, हे कोणी सांगितले नव्हते. मी त्याच सपाता घालून थेट जेवणाच्या दालनात प्रवेश केला. एकही शब्द न बोलता सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि तितक्याच शांतपणे नजरा वळवल्या. (शौचालयातील बटनांच्या फलकाविषयी मी काही लिहीत नाही. हे कौटुंबिक त्रैमासिक आहे.) मेजावर बक्षिसी म्हणून ठेवलेली नाणी परत करण्यासाठी खाणावळीतील मुलगी रस्त्यापर्यंत धावत आली. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे संत्र्यांच्या साली हिच्या पर्समधून दिवसभर फिरल्या आणि रात्री मुक्कामी पोहोचल्या. नागासाकीला जाणाऱ्या गाडीत तिकीट तपासनीस डब्यात शिरताना आणि बाहेर पडताना वाकून अभिवादन करी, डब्यात चारच माणसे असली तरीही. आमची ही दर वेळी हात जोडून त्याला उत्तर देई. तिसऱ्या खेपेस तो किंचित हसला असे तिचे म्हणणे आहे.

एका गोष्टीने मात्र घरी आल्यासारखे वाटले. जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो. पोर्तुगीजांकडून हा शब्द त्यांना मिळाला, आपल्याला त्याच मुळापासून 'पाव' मिळाला. नागासाकीचा प्रसिद्ध 'कास्तेला' केकही पोर्तुगीजांचीच देणगी. पाहुण्याने दिलेले खाद्य राहिले आणि पाहुण्याचा धर्म मात्र अडीचशे वर्षे बंदीत गेला, ही इतिहासाची तऱ्हा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुवा देवस्थानाच्या लांबलचक दगडी पायऱ्या चढून गेलो. ख्रिस्ती धर्माच्या पाडावाच्या काळातच, सतराव्या शतकात, हे देवस्थान नागासाकीत नव्याने प्रस्थापित झाले. पाण्याने हात धुवावे, दोनदा वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, पुन्हा एकदा वाकावे, असा तिथला शिरस्ता आहे. मी हात धुतले आणि अडलो. पत्नीने मात्र मान तुकवली. "अगं, हे काय?" मी विचारले. "अहो, घर त्यांचे आहे," ती म्हणाली, "घरात शिरताना घरच्यांना रामराम करायला नको?"

माझे अडणे अगदीच निराधार नव्हते. ह्याच प्रश्नाने चर्चला शतकानुशतके छळले आहे. चीनमध्ये पूर्वजांपुढे वाकणे ही पूजा की आदर, ह्या वादात १७१५ साली आणि पुन्हा १७४२ साली रोमने बंदीच्या बाजूने कौल दिला. १९३९ मध्ये ती बंदी सैल झाली. जपानात १९३२ साली येशूसंघीयांच्या सोफिया विद्यापीठातील काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवस्थानापुढे मान लववण्यास नकार दिला आणि मोठे वादळ उठले. १९३६ मध्ये रोमने स्पष्टीकरण दिले की अशा ठिकाणचे वाकणे नागरी आदर म्हणून करता येईल. म्हणजे पंडितांना दोन शतके जे सुटले नाही ते आमच्या हिने पायरीवरच सोडवले! तिचे सूत्र साधे होते: मला वाकायला कोण सांगतो आहे आणि त्याचा अर्थ तो काय घेतो? यजमान आदर मागत असेल तर आदर द्यावा. मला ते पटले, पण वाकलो मात्र नाही. त्याचे कारण श्रद्धा होते की संकोच, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच दुपारी आम्ही निशिझाकाला गेलो. रेल्वे स्थानकापासून काही मिनिटांचा चढ. १८६२ साली ह्या सव्वीस जणांना संतपद मिळाले, त्याच्या शताब्दीला १९६२ मध्ये तिथे स्मारक उभारले गेले. फुनाकोशी यासुताके ह्या शिल्पकाराने सव्वीसही जणांना एका ओळीत कोरले आहे. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, चवडे खाली लोंबकळत आहेत. ओळीत बारा वर्षांचा लुईस इबाराकी आहे. आपला गोन्सालो आहे. तिथे उभे राहून कोणी काय बोलावे? ही जपमाळ काढून बसली. मी तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहत राहिलो.

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो नंतर. नागासाकीच्या एका संग्रहालयात आम्ही 'फुमिए'ची प्रतिकृती पाहिली. ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची लहानशी प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि संशयिताने तिच्यावर पाय द्यायचा. देईल तो सुटला, न देईल तो ख्रिस्ती ठरला. १६२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही पद्धत १८५० च्या दशकापर्यंत चालली. नागासाकीत तर दरवर्षी नववर्षाच्या आरंभी हा पाऊलविधी ठरलेला असे. सुरुवातीच्या कागदी आणि लाकडी प्रतिमा झिजू लागल्या म्हणून १६६९ मध्ये पितळेच्या ओतवून घेतल्या गेल्या. त्यांच्याही कडा पावलांनी गुळगुळीत झाल्या. शुसाकू एंडो ह्यांच्या १९६६ सालच्या 'मौन' ह्या कादंबरीचा सारा गाभा ह्या एका पावलात आहे.

"पाय देणाऱ्यांनीच हे पितळ झिजवले," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी कडवट छटा असावी. निशिझाकाहून नुकताच उतरलो होतो ना!

ती बराच वेळ काचेकडे पाहत होती. मग म्हणाली, "अहो, मी असते तर पाय दिला असता. मुले लहान असती तर नक्कीच." आणि थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात: "आपण नाही का तीन वर्षे क्रूस कपाटात ठेवला होता?"

वाचकहो, ही गोष्ट आम्ही दोघांनी तीस वर्षांत कधी उच्चारली नव्हती. लग्नानंतर नोकरीसाठी मुंबईच्या उपनगरात भाड्याची खोली घेतली तेव्हा मालकाने दोन अटी घातल्या: घरात मांस-मासळी शिजणार नाही आणि भिंतीवर क्रूस दिसणार नाही. दुसरी खोली परवडण्यासारखी नव्हती, मूल पोटात होते. मी लगेच होकार दिला. सासूबाईंनी लग्नात दिलेला क्रूस मी स्वतः खिळ्यावरून काढला आणि कपड्यांच्या कपाटात ठेवला. आम्हाला कोणी भाला दाखवला नव्हता. प्रश्न फक्त भाड्याचा होता. ह्या गोष्टीची मला लाज वाटे, आणि लाज वाटे म्हणूनच मी इतरांच्या श्रद्धेची मापे काढण्यात पुढे असे, हे त्या काचेपुढे मला कळले.

मी गप्प राहिलेला पाहून ती म्हणाली, "तुम्ही रात्री उशिरा यायचात. मी रोज संध्याकाळी कपाटाचे दार उघडून पोराला पुढ्यात घेऊन जपमाळ म्हणायची. दार लावून कपाट उघडे." मला हे ठाऊक नव्हते.

इकित्सुकी बेटावरील लपलेले ख्रिस्ती आपल्या पवित्र वस्तू घराच्या मागच्या कोठीत ठेवत. त्या कोठीला 'नान्दो' म्हणतात, आणि तिथल्या प्रतिमांना 'कोठीतले देव' असे नाव पडले आहे. पाय देऊन घरी परतल्यावर ही माणसे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते 'कोन्चिरिसान' म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्द जपानी जिभेवर असा झाला होता. त्यासंबंधीची पुस्तिका १६०३ सालची. पुढे धर्मगुरू उरले नाहीत. पापनिवेदन ऐकायला कोणी नाही, मिस्सा नाही, दरवर्षी एक पाऊल आणि दरवर्षी तो पश्चात्ताप, असे सात-आठ पिढ्या चालले.

ह्यांना काय म्हणावे? पवित्र शास्त्र दोन्ही बाजूंनी साक्ष देते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अरामी सेनापती नामान अलीशाला विचारतो की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल ना? संदेष्टा त्याला शांतीने जा म्हणतो. उलटपक्षी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात नव्वद वर्षांच्या एलाझारला मित्र सुचवतात की तू आपलेच मांस आण आणि निषिद्ध मांस खाल्ल्याचे नुसते सोंग कर. तो नकार देतो, कारण ते सोंग तरुणांना खरे वाटेल. मला वाटते, सुवा देवस्थान आणि फुमिए ह्यांतील फरक इथे दडला आहे. देवस्थानाच्या पायरीवर कोणी माझ्याकडून नकार वदवून घेत नव्हते. फुमिएपुढील अधिकाऱ्याला मात्र नेमका नकारच हवा होता, आणि पाऊल टाकणाऱ्यालाही ते ठाऊक होते. म्हणून ते पाऊल निर्दोष होते असे मी म्हणू शकत नाही. ती माणसेही तसे म्हणत नव्हती. म्हणत असती तर रात्री 'कोन्चिरिसान' कशाला म्हटले असते?

पण मग एलाझारचे तरुण आठवतात. ह्या पाय देणाऱ्यांनी आपल्या मुलांना काय दाखवले? त्याचे उत्तर १७ मार्च १८६५ रोजी मिळाले. नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली आणि त्यांतल्या एका स्त्रीने फादर पेतिजाँ ह्यांना हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. मग मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. सगळ्यांनी निशिझाकाची वाट धरली असती तर त्या दिवशी कोणी आले नसते. आणि निशिझाका घडलेच नसते तर कोठीत जपून ठेवण्यासारखे काय उरले असते? ह्याच उराकामीकरांनी आता उघडपणे श्रद्धा सांगितली, तेव्हा तीन हजारांहून अधिक जणांना हद्दपार केले गेले आणि सहाशेहून अधिक परत आले नाहीत. पाय देणाऱ्यांचीच ही नातवंडे-पतवंडे.

१८७३ मध्ये बंदी उठली. परतलेल्यांनी जमेल तशी पै-पै जोडून ज्या मुखियाच्या घरी त्यांच्या पूर्वजांकडून वर्षानुवर्षे पाऊल टाकून घेतले गेले, तीच जागा विकत घेतली आणि तिच्यावर चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी तिथून सुमारे पाचशे मीटरवर अणुबॉम्ब फुटला. त्या वेळी आत पापनिवेदनासाठी भाविक जमले होते. आजची इमारत १९५९ ची आहे.

रविवारी सकाळी आम्ही तिथे मिस्साला गेलो. वृद्ध स्त्रियांच्या डोक्यावर पांढरे जाळीदार ओढणे होते. भाषा एक अक्षर कळत नव्हती, तरी कुठे उभे राहायचे आणि कुठे 'आमेन' म्हणायचे ते चुकले नाही. शांतीचे अभिवादन करताना तिथे हात हातात घेत नाहीत, एकमेकांपुढे वाकतात. पुढच्या बाकावरील एक आजीबाई वळून आमच्याकडे वाकल्या. मिस्सानंतर दाराशी त्यांनी खुणेने विचारले, कुठले? मी 'इंडिया' म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग हिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हटले, "गोन्सालो गार्सिया. त्याच्या गावचे."

त्यांना बहुधा तेवढे नाव कळले. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले आणि पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत वाकल्या. ही वाकली. मीही वाकलो, आणि वर केव्हा यायचे ते न कळल्यामुळे आम्ही तिघेही बराच वेळ तसेच राहिलो.