हरणाऱ्याचा मान

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ साली मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक झाले. तीन वर्षांत एकही करंडक नाही. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच संघाच्या चाहत्याने त्यांना निरोप देणारा फलक झळकावला. मे १९९० मध्ये संघाने एफ. ए. कप जिंकला. २०१३ साली ते निवृत्त झाले, तेव्हा नावावर १३ लीग विजेतेपदे होती.

यातून आपण धीराचा धडा घेतो. पण तो कप हुकला असता तर? मग त्यांना हिणवणे योग्य ठरले असते का?

डावपेचांवर टीका करावी, बदलही मागावा. तो चाहत्यांचा हक्कच आहे. पद जाऊ शकते, माणसाचा मान जाऊ नये. टीव्हीसमोर बसून ओरडताना आपण एवढे लक्षात ठेवूया.