जाळे काढताना



गेल्या नाताळाआधीची गोष्ट. चर्चची साफसफाई चालू होती. आपल्या एक मावशी लांब बांबूला झाडू बांधून छताचे कोपरे काढत होत्या. वेदीच्या डावीकडच्या कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. तिथल्या जाळ्यात लांब, काटकुळ्या पायांचा एक कोळी उलटा लटकला होता आणि त्याने तोंडात अंड्यांचा बारीकसा गोळा धरला होता. मावशींनी वळून विचारले, "फादर, याले मारलं त पाप लागते काय?" आम्ही गव्हाणीवरच्या दिव्यांची माळ सोडवण्यात गुंतलो होतो. "नाही हो मावशी, काढून टाका," असे म्हणालो. झाडू फिरला आणि काम पुढे गेले.

उत्तर शिकवणीला सोडून नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांना मारणे हे मुळात पाप मानलेले नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा आहे. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तोच ग्रंथ सांगतो. सगळी अडचण त्या 'विनाकारण' शब्दात आहे. पाहुणे येणार, भिंत स्वच्छ दिसावी, हे कारण आहेच. पण ते किती वजनाचे? मावशींनी विचारले तेव्हा हे वजन करायला आम्ही क्षणभरही थांबलो नाही, याची रुखरुख अजून आहे.

ज्याला आपण वर्षभर झाडूने काढतो त्याची आपल्याला ओळख किती असते? तोंडात अंडी धरणारा हा कोळी म्हणजे मादी असते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती तो गोळा जबड्यात धरून ठेवते. आपल्या बहुतेक घरांत ही जात सापडते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना हाच कोळी खातो, याचा अभ्यास थायलंडमध्ये झालेला आहे. भिंतीवर रात्री दिसणारा, तळहाताएवढा चपटा कोळी जाळे विणतच नाही; तो झुरळांच्या मागे धावतो. त्याला पाहून आपल्याकडे आरडाओरड होते, पण तो माणसापासून पळत असतो. अंगावर पुरळ उठले, फोड आले की "कोळी फिरला" म्हणण्याची रीत आहे. ते बहुधा नागीण या आजाराचे किंवा एका लहान भुंग्याच्या रसाचे फोड असतात. बिचाऱ्या कोळ्याचा त्यात काही संबंध नसतो.

ऋतूप्रमाणे त्यांची घरे बदलतात. उन्हाळ्यात सिंदीचा पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला की आपण माळ्यावरचा कूलर खाली काढतो आणि पहिली जळमटे तिथेच हाताला लागतात. मृगाचा पाऊस पडला की किडे वाढतात आणि त्यांच्या मागोमाग कोळी. पोळा येतो, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आपल्या रस्त्यांवर निघतात, तोवर अंगणातल्या जास्वंदीवर मोठी गोल जाळी दिसू लागतात. त्यांतल्या एका कोळ्याकडे जरूर पाहा. तो जाळ्याच्या मधोमध पायांच्या जोड्या करून तिरप्या क्रुसासारखा बसतो आणि जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा विणतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले त्याला "क्रुसवाला" म्हणतात. मग दिवाळी येते आणि झाडू निघतो. थंडीत सकाळी हरभऱ्याच्या शेतात दवाने भिजलेली जाळी चमकतात. इवलीशी पिल्ले एक धागा हवेत सोडून वाऱ्यावर निघून जातात. १८३२ साली डार्विनच्या जहाजावर अशी पिल्ले येऊन उतरली, तेव्हा किनारा साठ मैल दूर होता.

आता कोणी म्हणेल, फादर, सरळ सांगा ना, कोळी डास खातो म्हणून मारू नका. असा उपदेश सोपा आहे आणि लोकांना पटतोही. पण आम्हांला तो अपुरा वाटतो. उपयोग आहे म्हणून जगू द्यायचे, तर उपयोग संपला की काय? भाकड गाईचे काय होते ते आपण पाहतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही कधी कधी त्याच मापाने पाहिले जाते. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात इतर जिवांना आपल्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, असे शिकवले. संत थॉमस यांनीही म्हटले होते की, एका माशीचे स्वरूपसुद्धा कोणा तत्त्वज्ञाला पूर्णपणे उमगलेले नाही. माशीची ही कथा, तर तिला पकडणाऱ्याची काय असेल!

याच ठिकाणी आमचा एक दोष सांगितला पाहिजे. आवाराच्या मागच्या तारेच्या कुंपणावर, बाभळीला लागून, मळकट जाळ्यांचे मोठे गुंतवळ झाले होते. दिसायला ते ओंगळ होते. आम्ही मुलांना सांगून ते जाळून टाकले. रॉकेलचा बोळा लावला, भर्रकन पेटले, मुलांना मजा वाटली आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटली. पुढे वाचनात आले की ती एकत्र राहणाऱ्या कोळ्यांची वस्ती होती. शेकडो कोळी एकच घर विणतात, शिकार एकत्र पकडतात. आई पिल्लांना आपल्या तोंडातून अन्न भरवते आणि शेवटी आपले शरीरच त्यांना खाऊ देते. आमच्या कपाटातल्या एका जुन्या मिस्साग्रंथावर आपल्या रक्ताने पिल्लांना पाजणाऱ्या पेलिकन पक्ष्याचे चित्र आहे, प्रभूचे प्रतीक म्हणून. पेलिकन तसे काही करत नाही. ती दंतकथा आहे. कुंपणावरची आई मात्र खरोखरच तसे करते.

आम्ही पाप केले का? पापनिवेदनात सांगावे असे ते नव्हते. तरी खंत आहे. खंत असेल, तर जिच्याबद्दल ती वाटते त्या गोष्टीचा आपल्यावर काहीतरी हक्क असला पाहिजे, नाही का? कांट नावाचे जर्मन तत्त्वज्ञ म्हणत, तसे नाही; प्राण्यांशी क्रूर वागणारा पुढे माणसांशीही कठोर होतो, एवढेच कारण आहे. लाइब्निट्स यांनी निरीक्षणासाठी घेतलेला किडा त्याच्या पानासकट परत झाडावर ठेवला, हा किस्सा कांटच सांगतात. उलट स्पिनोझा कोळ्याच्या जाळ्यात माश्या टाकून हसत, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले आहे, आणि माणसांशी तर ते अत्यंत सौम्य होते! कांट यांचे म्हणणे आम्ही परीक्षेत भक्तिभावाने लिहिले होते. आज ते तितकेसे पटत नाही. मावशींचा हात थांबला तो स्वतःचा स्वभाव बिघडेल म्हणून नव्हे. त्यांना अंडी दिसली म्हणून तो थांबला.

पण दयेलाही डोळे लागतात. नेगल नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात एक अनुभव लिहिला आहे. विद्यापीठाच्या मुतारीत एक कोळी राहत होता. त्याचे हाल पाहवेनात, म्हणून त्यांनी एके दिवशी त्याला कागदाने अलगद बाहेर काढून फरशीवर ठेवले. तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पाय आखडून मेलेला. सेमिनरीत हे वाचले तेव्हा आम्हांला हसू आले होते. आजारी माणसाला त्याच्या भल्यासाठी त्याच्या घरातून हलवलेले आणि मग काय झाले ते पाहिलेले आहे, त्यामुळे आता हसू येत नाही.

आणि निसर्ग स्वतः तरी कुठे दयाळू आहे? कुंभारीण माशी खिडकीच्या चौकटीवर मातीचे घर बांधते, कोळ्यांना डंख मारून लुळे करते आणि जिवंतच त्या घरात कोंडते, आपल्या अळीच्या पोटासाठी. तेही देवाच्याच निर्मितीत घडते. का, याचे नीटसे उत्तर आमच्यापाशी नाही. माशीला मात्र मावशींसारखा प्रश्न पडत नाही, एवढे दिसते.

शेतातली गोष्ट घरातल्यापेक्षा जड आहे. कपाशीत आणि सोयाबीनमध्ये कितीतरी जातींचे कोळी तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळीची अंडी खात फिरतात. फवारणीत तेही मरतात. फवारा हातात असलेला शेतकरी म्हणतो, "फादर, कोळी पाहू का कर्ज पाहू?" त्याला आम्ही काय सांगणार? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मरण पावले. पाठीवर पंप घेणारे बहुतेक गरीब होते. बारीक जिवासाठी आणलेले विष माणसापाशी येऊन थांबले नाही. आपल्या धर्मग्रामातही फवारणीला जाणारे आहेत. मास्क आणि हातमोजे न देता त्यांना शेतात धाडणाऱ्याला मात्र आम्ही "पाप लागत नाही" असे म्हणणार नाही.

या वर्षी मावशींना आम्ही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा द्यायला गेलो. लांबलचक बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी त आता आधी दांड्यानं भिंत ठोकतो, फादर. तो सरकते, मग जाळं काढतो." आता कोपरे त्या तसेच काढतात. डावीकडच्या कोपऱ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवे जाळे असते.