शिल्लक

रविवारच्या पुरवणीतल्या 'वधू पाहिजे'च्या रकान्यात एक ओळ मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे : 'आंतरजातीय चालेल. एससी-एसटी क्षमस्व.' प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गात पहिल्याच तासाला ती फळ्यावर लिहितो आणि विचारतो, हा माणूस जात मानतो की नाही? वर्ग आधी हसतो. मग कुणीतरी म्हणतं, "सर, ढोंगी आहे." तास संपेपर्यंत आम्ही 'ढोंगी'च्या पुढे सरकलो, तर वर्ष बरं जाणार असं मी धरून चालतो.

ढोंग हा एका माणसाचा दोष झाला. एकमेकांना न ओळखणारी इतकी माणसं नेमक्या त्याच जागी येऊन 'क्षमस्व' का म्हणतात, हा समाजशास्त्राचा प्रश्न. एमिल दुर्खीमने 1895 मध्ये अशा गोष्टींना 'सामाजिक तथ्य' म्हटलं. आपल्या जन्माआधीपासून त्या बाहेर असतात आणि आपल्यावर दाब टाकतात. प्रवाहासोबत पोहणाऱ्याला तो दाब कळत नाही. जातीत लग्न करणाऱ्याला जात दिसतच नाही, 'योग जुळून आला' एवढंच दिसतं. बाहेर करू पाहणाऱ्या मुलीला मात्र मावशीपासून मामापर्यंत सगळे एका रात्रीत समाजशास्त्र शिकवून जातात. देशात जातीबाहेरची लग्नं शंभरात पाचच्या आसपासच असल्याचं मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे. उरलेल्या पंचाण्णवांना योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही.

आमची क्रमिक पुस्तकं मात्र ऑग्युस्त कोंतपासून सुरू होतात. त्याने या शास्त्राचं बारसं केलं, म्हणून 'टिपा लिहा'मध्ये त्याला मान. पाठोपाठ मार्क्स, वेबर, दुर्खीम, पाच-पाच गुणांचे. मुलं 'अपेक्षित'मधून व्याख्या पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यांचा दोष नाही. व्याख्या कुठल्या अडचणीतून निघाली, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. माझ्या हातात असतं, तर मी सुरुवात 9 मे 1916 पासून केली असती.

त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, नुकतीच पंचविशी पूर्ण केलेल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आधी त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तपासल्या. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. त्यांचं जातीवरचं इंग्रजी पुस्तक 1909 मध्ये आलं होतं. जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी ही त्यांनी सांगितलेली दोन लक्षणं. आंबेडकरांनी आदराने दाखवून दिलं की ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत : लग्नाला कुंपण घातलं की बाहेरून कुणी आत येणार कसं?

मग ते कोड्याकडे वळतात. आपल्याकडे सगोत्र लग्न निषिद्ध, सपिंड निषिद्ध. म्हणजे मूळ कल बाहेर लग्न करण्याचा, बहिर्विवाहाचा. त्याच्यावर जातीतच लग्न करण्याची सक्ती, अंतर्विवाह, लादला गेला. लादलेली गोष्ट टिकवायची तर यंत्रणा हवी. इथून त्यांचं गणित सुरू होतं. बंद गटात लग्नाची मुलं आणि मुली यांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की एक बाई शिल्लक. ती बाहेर गेली तर कुंपण मोडतं, आत दुसरं लग्न केलं तर एका कुमारिकेचा नवरा खाते. तेव्हा तिला चितेवर चढवा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष शिल्लक. त्याला जाळणं परवडत नाही, संन्यास त्याला झेपत नाही. म्हणून अजून लग्नाच्या वयात न आलेल्या पोरींतून एक त्याला द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह : सुधारकांनी ज्यांच्याशी वेगवेगळ्या लढाया केल्या, त्या तीन रूढी एकाच जमाखर्चाच्या नोंदी निघाल्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते या खात्यातल्या शिल्लक बायकांसाठीच. या रूढींचे गोडवे गाणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं, असंही आंबेडकर बजावतात.

सिद्धांत म्हणतात तो याला. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 चा. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्यांनी तो पुढे नावारूपाला आणला. त्यांनी 1932 च्या पुस्तकात जातीची सहा लक्षणं सांगितली आणि मुलं ती अजून घोकतात. सहा लक्षणांनी जात ओळखता येते. ती चालते कशी, हे त्या एका गणिताने कळतं. घुर्यांचे विद्यार्थी श्रीनिवास यांनी 1952 मध्ये कूर्ग लोकांवरच्या पुस्तकात 'संस्कृतीकरण' मांडलं : खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलून वर सरकू पाहतात. अनुकरणाचा धागा 1916 च्या निबंधातही आहे, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ टार्डच्या आधाराने. पण तिथे एका गटाने दार लावलं, इतरांनी पाहून आपापली दारं लावली आणि काहींना ती आपल्यावर लागलेली आढळली. श्रीनिवासांचं लक्ष जिन्याकडे, आंबेडकरांचं कडीकडे.

निबंधात कच्चे दुवे आहेत. पहिलं दार ब्राह्मणांनी लावलं, याला इतिहासाचा पुरावा त्यात तोकडा आहे. मांडणी टिकली नाही तर सोडून देईन, असं लेखकानेच म्हणून ठेवलंय. पहिल्या वर्षाच्या मुलाने शिकावं ते हेही.

आणखी एक गोष्ट मला सतावते. सतीबंदी 1829 ची, विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा. तिन्ही साधनं कायद्याने मोडीत काढली, तरी अंतर्विवाह जागच्या जागी. मग आज हिशेब कोण जुळवतं? ज्ञातीचे वधू-वर मेळावे, विवाहसंस्थांच्या संकेतस्थळांवरचा जातीचा रकाना, आणि तो 'क्षमस्व'. यातलं कुणी जाळत नाही, केस कापत नाही. अदबीने माफी मागतं.

महाराष्ट्र शासनाने 1979 मध्ये काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडात हा निबंध अगदी सुरुवातीला आहे. वीसेक पानं आहेत. फराळ करता करता वाचून होतील. पण त्याआधी घरातल्या गेल्या तीन पिढ्यांची लग्नं एका कागदावर मांडून ठेवा.