ऐकिले ते आणि समजले ते

परमार्थाचा आरंभ श्रवणापासून होतो. परंतु शब्द कानी पडणे म्हणजे श्रवण नव्हे. कान शब्द घेतो, मन त्यावर आपला भाव चढविते, आणि तो चढविलेला भाव बोलणाऱ्याचाच म्हणून मनुष्य धरून बसतो.

व्यवहारातील एक दृष्टांत घ्यावा. मानखुर्दच्या एका वासनिक घरातील मुलगा संध्याकाळी कुर्ल्याच्या फलाटावरून आईला फोन करतो, "आई, जेवायला थांबू नकोस, गाड्या उशिरा धावताहेत." त्याच वेळी समोरून गाडी धडधडत जाते. आईच्या कानी पडते ते इतकेच, "आई, जेवायला... नको." सकाळी घरात थोडी बोलाचाली झालेली असते. ती सल मनात असल्यामुळे आई समजते, मुलाला आता आपल्या हातचे अन्नही नकोसे झाले. ती उपाशी निजते. दोन दिवस घरात अबोला राहतो. तिसऱ्या दिवशी ती विचारते, "त्या दिवशी तू काय म्हणाला होतास?" एका प्रश्नाने गाठ सुटते.

दार्ष्टांतिक असे की, कानाने दोन शब्द धरले, उरलेले वाक्य सकाळच्या सलीने पुरे केले. दोष केवळ गाडीच्या आवाजाचा नव्हता.

केशिराजबासांनी संकलित केलेल्या ११४ दृष्टांतांत सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेला हत्तीचा दृष्टांत आहे. पाय चाचपणाऱ्या आंधळ्यास हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्यास सुपासारखा. त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. हाती आलेल्या अवयवालाच हत्ती म्हणणे ही त्यांची चूक. हे निरूपण परमार्थाचे असले, तरी घरातील ऐकण्यासही ते लागू पडते.

या दोषावरील उपाय आपल्या पूर्वजांनी आचरून दाखविला आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा एकत्र केल्या, तेव्हा ज्याने जे पाहिले-ऐकिले त्याच्यापाशी ते स्वतः गेले, त्यास विचारिले, आणि मिळालेले आचार्य श्रीनागदेवांपुढे ठेवून पारखून घेतले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग स्मरणातून लीळा पुन्हा उभ्या करताना पाठ जुळेनात. तेव्हा एकाचे स्मरण खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. ही हिराइसेची वासना, ही परशरामबासांची वासना, असे नावानिशी लिहून ठेविले. येथे वासना म्हणजे ज्याच्या त्याच्या स्मरणातील पाठ. साक्षात् स्वामींच्या लीळेविषयीही "मी असे ऐकिले" एवढेच म्हणण्याची ही नम्रता होय.

घरी मात्र आपण म्हणतो, "तू असेच बोललास." या वाक्यात आपली वासना आपण दुसऱ्याच्या मुखी घालतो. "माझ्या ऐकण्यात असे आले, आपले म्हणणे काय होते?" असे विचारिले, तर बोलणाऱ्यास आपला पाठ सांगण्यास जागा उरते. हा नियम सासू-सुनेस आहे, तसाच आश्रमातील गुरुबंधूंसही आहे. तेथेही अर्धे ऐकिलेले वचन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पुरे होत जाते आणि द्वेषाचे मूळ बनते.

शेजारच्या जीवाचे साधे बोलणे पुन्हा विचारून घेण्यास ज्यास लाज वाटते, तो शास्त्रातील वचन नीट ऐकेल, असा भरवसा कशावर धरावा? म्हणून साधकाने रोज निजण्यापूर्वी आठवावे की, आज कोणाच्या बोलण्याने मन दुखावले, आणि त्यातील कोणते शब्द त्याचे होते, कोणते आपले. शंका उरल्यास सकाळी जाऊन विचारावे.